उंदीर पडू लागले, तेव्हा मांजर कुठे होतं?

१९०८ सालच्या ऑक्टोबरात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अमरावतीहून गेलेला एक लेख छापून आला. लेखक होते इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन. विषय होता प्लेगचा आणि सुचवलेला उपाय होता मांजर. बारा वर्षं सरकारने लोकांची घरं धुऊन काढली होती, कौलं उतरवली होती, अंथरुणं जाळली होती, माणसं छावण्यांत नेऊन ठेवली होती. वऱ्हाडातल्या खेड्यांतून हिंडणाऱ्या या डॉक्टराचं म्हणणं असं, की ज्या वस्तीत मांजरं पुष्कळ आहेत तिथे गाठीचा ताप शिरत नाही. तेव्हा घरोघर मांजर राहू द्या, त्याला खायला घाला.

मोकाट मांजराबद्दल आपल्याकडे सरकारदरबारी इतक्या गांभीर्याने कोणी बोलल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. आज मांजराचा विषय निघतो तो सोसायटीच्या बैठकीत, तक्रार म्हणून. आणि मांजराला जीव लावणारे व त्याचा राग करणारे एकमेकांशी ज्या तावातावाने भांडतात, ते पाहिल्यावर प्लेगच्या त्या वर्षांकडे परत जावंसं वाटतं. कारण मांजर मोकळं फिरू द्यायचं की नाही, हा प्रश्न तेव्हा खरोखरच जीवनमरणाचा होता.

प्लेग मुंबईत उघड झाला तो सप्टेंबर १८९६ मध्ये. मांडवीच्या धान्यगुदामांच्या वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोगी पाहिले आणि हा प्लेग आहे असं ठामपणे सांगितलं. मांडवी हे नाव लक्षात ठेवण्याजोगं आहे. बंदरावर उतरलेली धान्याची पोती तिथल्या गुदामांत जात, आणि पोत्यांबरोबर उंदीर. पुढच्या काही महिन्यांत मुंबई जवळजवळ निम्मी रिकामी झाली. माणसं मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाली. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झालेला होता. त्याच मार्गाने घाट चढून लोक खंडाळ्याला, लोणावळ्याला, तळेगावला, पुण्याला आले. कोणाच्या बोचक्यात पिसवा होत्या, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हतं.

तळेगाव दाभाडेच्या उत्तरेला नवलाख उंबरे गाव आहे. आज त्याचं नाव घेतलं की लोकांना औद्योगिक वसाहत आठवते, पण हा मुळात भाताचा मुलूख. मावळातलं जुनं घर ज्यांनी आतून पाहिलं आहे त्यांना कणगी सांगायला नको. बांबूच्या पट्ट्यांची विणलेली, माणसाच्या उंचीची, आतून-बाहेरून शेणामातीने लिंपलेली. वर्षाचं भात तिच्यात. घरात सगळ्यांत मौल्यवान वस्तू तीच, आणि उंदराचं सगळं लक्षही तिच्यावरच. बुडाशी नखाएवढं भोक पडलं की रात्रीतून भाताची बारीक धार लागते. सकाळी घरची बाई ते भोक बोटाने चाचपते, त्यात खडा ठोकते आणि वरून शेणमाती फिरवते. आठवड्याभरात दुसऱ्या बाजूला नवं भोक. या घरात मांजर हौसेने पाळलेलं नसायचं. ते यायचं, माळ्यावर राहायचं, कणगीभोवती रात्र काढायचं. कोणी त्याचं नाव ठेवायचं, कोणी नाही. त्याला भाकरीचा तुकडा आणि ताकाचा घोट मिळे. दुधाच्या पातेल्याला तोंड लावलं तर फुंकणीही फेकून मारली जाई. मालकीचं नाही आणि परकंही नाही, अशी ही व्यवस्था. आज ज्याला आपण 'मोकाट मांजर' म्हणतो, ते या व्यवस्थेत जन्मलं.

प्लेगच्या वर्षांत खेड्यापाड्यांत दोन शब्दांची धास्ती होती : उंदीर पडले. आढ्यावरून, भिंतीच्या कडेने, दिवसाउजेडी झिंगल्यासारखे चालत येऊन उंदीर मरून पडत. शहाण्या गावांनी त्यातून एक धडा आपापला घेतला होता. उंदीर पडायला लागले की घराला कुलूप घालायचं आणि माळावर, शेतात झोपड्या टाकून राहायचं. रोगाचं नेमकं कारण शास्त्रज्ञांच्या हाती लागण्याआधी लोकांनी हा संबंध जोडला होता, आणि तो बरोबर होता. पुढे सरकारनेही गावाबाहेर राहण्याचा हाच उपाय सर्वांत गुणकारी मानला.

पुण्यात मात्र सुरुवात वेगळी झाली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. वॉल्टर चार्ल्स रँड प्लेग समितीचा प्रमुख झाला आणि मार्चपासून गोरे सोजीर घराघरांत शिरू लागले. देवघरापर्यंत बूट गेले, बायकांची तपासणी झाली, सामान रस्त्यावर आलं. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. हा इतिहास मराठी वाचकाला पाठ आहे, म्हणून इथे लांबवत नाही. याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, हेही आपण जाणतो. मला सांगायचं आहे ते एवढंच, की त्या सगळ्या धामधुमीत सरकारचं लक्ष माणसावर, त्याच्या कपड्यावर, त्याच्या घाणीवर होतं. उंदराकडे ते अजून नीट वळलं नव्हतं. मग मांजराची गोष्ट दूरच.

उंदराकडे लक्ष वळवणारा माणूस होता पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर, आणि त्याच्या प्रयोगात एका भटक्या मांजराचा हात आहे. सिमाँ मुंबई इलाख्यात प्लेगवर काम करत होता. प्लेगच्या उंदरावरची पिसू दुसऱ्या उंदराला रोग देते, असा त्याचा कयास होता. २ जून १८९८ रोजी कराचीत, जे तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं, त्याने हा प्रयोग मांडला. प्लेगने मेलेल्या माणसाच्या घरातला एक आजारी उंदीर त्याने मोठ्या काचेच्या बरणीत ठेवला. त्याच्या अंगावर पिसवा होत्या, पण प्रयोगासाठी त्या आणखी हव्या होत्या. तो उतरला होता त्या हॉटेलाच्या आवारात एक मांजर हिंडत असे. सिमाँने त्याच्या अंगावरच्या काही पिसवा घेतल्या आणि बरणीत सोडल्या. आजारी उंदीर मरायला टेकल्यावर जाळीच्या पिंजऱ्यात एक धडधाकट उंदीर त्याच बरणीत ठेवला. पाच-सहा दिवसांत तोही प्लेगने मेला. दोघांचा एकमेकांना स्पर्श झालेला नव्हता. मधे हिंडल्या त्या फक्त पिसवा.

या शोधाला पुष्कळ वर्षं कोणी मान दिला नाही. पण त्या मांजराचा प्रयोगातला सहभाग मला फार बोलका वाटतो. पुढे ब्यूकॅननच्या सूचनेवर जो सगळ्यांत वजनदार आक्षेप घेता येतो, तो त्या बरणीतच होता : मांजर उंदीर मारतं खरं, पण मांजराच्या अंगावरही पिसवा असतात.

मुंबईत ग्लेन लिस्टन या संशोधकाने हा धागा पुढे नेला. १९०३ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेतले गिनीपिग प्लेगने मेले, तेव्हा त्यांच्या अंगावर त्याला उंदराच्या पिसवा सापडल्या. १९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, हेच पुन्हा पुन्हा तपासलं. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातल्या गिनीपिगना प्लेग झाला. दोन फुटांवरच्यांना झाला नाही. पिसू उडते ती इतकीच. उंदीर मेला, त्याचं अंग गार पडलं की पिसू त्याला सोडते आणि जवळचं उबदार अंग शोधते. ते अंग बहुधा जमिनीवर घोंगडी टाकून झोपलेल्या माणसाचं असतं. मावळातल्या त्या कणगीशेजारी घरातली पोरं झोपत, हे आठवलं की या दोन इंचांचा अर्थ कळतो.

आता ब्यूकॅननच्या म्हणण्याला पाया मिळाला. रोग उंदरामुळे येत असेल तर उंदीर कमी करणारं जनावर हा औषधाचाच एक प्रकार झाला. उंदीर मारण्याची सरकारी मोहीम लोकांना रुचत नव्हती. उंदीर गणपतीचं वाहन, जैनांना तर कोणतीच हत्या मान्य नाही. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर गुपचूप शेतात सोडून देणारे असंख्य होते. मांजराने उंदीर मारला तर मात्र त्याचं पाप कोणाच्या माथी नाही. सोजिराला दारात पाहून जी माणसं काठी उचलत, त्यांच्याच घरात हे जनावर पिढ्यान्‌पिढ्या बिनतक्रार वावरत होतं. लोकांवर जुलूम न करता साथ रोखण्याचा मार्ग कोणी शोधत होता, म्हणून मला या डॉक्टराचं महत्त्व वाटतं. त्याचं शास्त्र पुढे किती टिकलं, हा प्रश्न वेगळा.

त्याला पाठिंबा मिळाला तो थेट रॉबर्ट कॉख यांचा. क्षयाचा जंतू शोधणारे कॉख १८९७ मध्ये जर्मन प्लेग आयोगाबरोबर मुंबईत येऊन गेले होते. १९०८ मध्ये ते आपले शिष्य किटासाटो यांच्या निमंत्रणावरून जपानला गेले आणि तिथल्या सरकारला त्यांनी सल्ला दिला, की प्लेग हटवायचा तर मांजरं वाढवा. जपानने तो मनावर घेतला; तिथे मांजरांची मोजणीसुद्धा झाली. अमरावतीच्या खेड्यांत ध्यानात आलेली गोष्ट अशी पूर्वेकडच्या एका देशाच्या धोरणात जाऊन बसली.

याच्या नेमकं उलट उदाहरण लंडनचं आहे. १६६५ च्या मोठ्या प्लेगमध्ये तिथल्या नगरप्रशासनाने कुत्री-मांजरं मारण्याचा हुकूम काढला होता. रोग ही जनावरं घरोघर नेतात, असा समज. एकाच रोगाच्या साथीत एका शहराने मांजर मारायला माणसं नेमली आणि अडीचशे वर्षांनी दुसऱ्या देशाने ती पाळायला सांगितली. दोन्ही वेळी सांगणाऱ्यांचा हेतू माणसं वाचवण्याचाच होता.

मग ब्यूकॅनन बरोबर होते का? माझ्या मते, अर्धे. पहिली शंका अशी, की मांजर कोणत्या घरात टिकतं? जिथे दूधदुभतं आहे, उरलंसुरलं आहे, अशा. म्हणजे थोडं खाऊनपिऊन सुखी, थोडं मोकळं घर. अशा घरात प्लेग कमी झाला तर श्रेय मांजराचं की ऐपतीचं, हे नुसती घरं आणि मांजरं मोजून ठरत नाही. दुसरी शंका गंभीर आहे. मांजराला स्वतःला प्लेग होतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात १९७७ ते १९९८ या काळात आजारी मांजरापासून माणसाला प्लेग झाल्याच्या २३ घटना नोंदल्या गेल्या, त्यांतली ५ माणसं दगावली. उंदीर पडू लागल्यावर तो मेलेला किंवा मरणारा उंदीर मांजराने तोंडात धरून चुलीपाशी आणला, तर ते रोग घरात आणतं. आणि तिसरी गोष्ट आपण नजरेने पाहतो : मांजर उंदराचं पिल्लू धरतं, चिचुंद्रीला हुंगून सोडतं आणि घुशीच्या वाटेला जात नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात कचऱ्याच्या एका कारखान्यात संशोधकांनी ७९ दिवस कॅमेरे लावले. तेवढ्या दिवसांत मांजरांनी मारलेले उंदीर भरले दोन. २०१८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतच एक निरीक्षण असंही होतं, की मांजरं आसपास असली की उंदीर बाहेर पडेनात, बिळाच्या आडोशाने राहू लागले. कारखान्याला याचा उपयोग नाही. पण ज्या घरात एकच कणगी आहे, तिथे उंदीर दबून राहिला तर वर्षाच्या भातात फरक पडतो. आपल्या आज्या-पणज्यांना मांजराकडून उंदरांचा नायनाट कधीच अपेक्षित नव्हता. त्यांना धाक हवा होता.

धाकाची ही किंमत समाजाने मांजराला कशी चुकती केली, ते पाहिलं की माणसाच्या मनातला गोंधळ दिसतो.

आपल्याकडे मांजर मारणं महापाप. मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे वाक्य ऐकत मराठी पोरं मोठी झाली. तेच मांजर कामाला निघताना आडवं गेलं की दोन पावलं मागे, किंवा सरळ घरी परत. पंढरपूरच्या राका कुंभाराची कथा महिपतीने 'भक्तविजया'त सांगितली आहे : कच्च्या मडक्यात मांजरी व्याली होती, ते न कळता राकाने आवा पेटवला, आणि आईचा आक्रोश ऐकून त्याने पांडुरंगाला साकडं घातलं; आवा उघडला तेव्हा पिल्लं जिवंत निघाली. कीर्तनात ही कथा ऐकून डोळे पुसणारा माणूस घरी गेल्यावर नको असलेली पिल्लं पोत्यात घालून, पोत्याचं तोंड बांधून, नदीपलीकडे सोडून येत असे. अजूनही येतो. मारलं नाही म्हणून पाप नाही. डोळे न उघडलेली पिल्लं आईवाचून किती तास जगतात, हे तो पाहायला थांबत नाही. मांजरी पिल्लं सात घरं फिरवते असं म्हणतात. ती फिरवते कारण प्रत्येक घरातून तिला हुसकावलेलं असतं.

या गोंधळात एक जागा अशी आहे, जिथे मांजराची नव्हे, माणसाची लाज वाटावी. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घोरपड, घुबड, कावळा यांच्या हत्येला शूद्रहत्येचं प्रायश्चित्त सांगितलं आहे. म्हणजे एका बाजूला मांजराच्या जिवाची फिकीर, आणि दुसऱ्या बाजूला माणसाच्या जिवाचं मोल तितकंच धरलेलं. घाटाखाली महाडला १९२७ मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तो याच विपरीततेविरुद्ध. जनावरांना पाणी पिता येतं त्या तळ्यावर माणसाला मज्जाव होता. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. आणि १९३१ च्या ऑगस्टात मुंबईत गांधीजींची भेट झाली, तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना विचारलं, की जिथे आम्हाला कुत्र्या-मांजरांहून हीन वागणूक मिळते आणि प्यायला पाणी मिळत नाही, ती भूमी मी माझी कशी म्हणू? प्राण्यांवरच्या दयेचा आपला वारसा सांगताना हे पान उलटून पुढे जाता येत नाही. मांजराला वाटीभर दूध ठेवणाऱ्या अंगणात कोणाला पाय ठेवता येत नव्हता, हेही त्याच इतिहासात येतं.

प्लेग ओसरत गेला. भारतात त्याने एक कोटी वीस लाखांहून अधिक माणसं नेली. स्वातंत्र्यानंतर हिवतापासाठी फवारलेल्या डीडीटीने पिसवाही मेल्या. उंदरांसाठी विषाच्या गोळ्या बाजारात आल्या आणि मांजराच्या कामाची गरज कमी झाली. शिवाय विष खाऊन सुस्तावलेला उंदीर मांजराला सहज सापडतो आणि तोच उंदीर मांजराचा घास घेतो. गावात गोळ्या टाकल्यावर आठवड्याभराने मांजरं दिसेनाशी होतात, त्याचं कारण हे. मुंबई महापालिका अजूनही रात्रपाळीचे मूषकसंहारक नेमते. हातात काठी आणि विजेरी, आणि रात्रीला ३० उंदरांचा हिशेब. मांजराचं काम माणूस करतो आहे, तेही गटाराच्या कडेने, अंधारात.

आपण हे सगळं विसरलो असताना १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावाने आठवण करून दिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर भीतीने गावकरी घरं सोडून बाहेर राहायला गेले. धान्य घरांतच राहिलं. रिकामी घरं, भरलेलं धान्य, आणि अडवणारं कोणी नाही. उंदीर बेसुमार वाढले. पुढच्या ऑगस्टात उंदीर पडू लागले, पिसवांचा त्रास सुरू झाला आणि माणसांच्या जांघेत गाठी आल्या. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने हाहाकार उडाला. शंभर वर्षांपूर्वी माणसं प्लेग आला म्हणून घराबाहेर पडत. मामल्यात माणसं घराबाहेर पडली म्हणून प्लेग आला. दोन्ही वेळी मधला दुवा एकच होता, साठवलेलं धान्य आणि त्यावर वाढलेला उंदीर.

आता नवलाख उंबरे गावाकडे पुन्हा येऊ. कणग्या गेल्या, भात पोत्यांत किंवा पत्र्याच्या पिंपांत राहतं, बरंचसं खाचरातून थेट गिरणीवर जातं. शेतांच्या जागी कारखान्यांच्या शेड आहेत, कामगारांच्या खोल्या आहेत, खानावळी आहेत, आणि त्यांच्या मागे उष्ट्याचे ढीग. तळेगावच्या बाजूला उंच इमारती. मांजराला इथे पूर्वीपेक्षा जास्त खायला आहे आणि काम काहीच नाही. भाटी सहा महिन्यांची होण्याआधीच माजावर येऊ शकते, दोन महिन्यांत विते, आणि वर्षातून दोन-तीनदा चार-चार पिल्लं देते. पूर्वी या वाढीला उपासमार, रोगराई आणि रानमांजर-बिबटे आळा घालत. आता इमारतीच्या वाहनतळात ती पिल्लं जगतात, आणि तिथेच वाद पेटतो. एकजण रोज संध्याकाळी खाणं ठेवतो. दुसऱ्याच्या मोटारीवर ओरखडे उठतात, तिसऱ्याच्या बाळाच्या पाळण्यात केस सापडतात. सगळ्यांचंच खरं असतं.

हा वाद कुठवर जातो, ते २०२५ च्या फेब्रुवारीत पुण्यात दिसलं. हडपसरच्या एका सोसायटीतल्या सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरं असल्याची तक्रार झाली आणि महापालिकेने ती हलवण्याची नोटीस दिली. बातमी देशभर गाजली. शेजाऱ्यांचे हाल खरे होते. पण इतकी मांजरं एका घरात जमतात, त्याचा अर्थ असाही आहे, की शहरभर लोक नको झालेली मांजरं टाकत असतात आणि ती उचलायला कोणतीही सार्वजनिक यंत्रणा पुरेशी नसते. एका माणसाच्या अतिरेकी मायेवर बोट ठेवणं सोपं. ती पिल्लं जन्माला येऊ देणाऱ्या शेकडो घरांवर नोटीस निघत नाही.

कायद्याने मांजराकडे उशिराच पाहिलं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने छळ हा गुन्हा झाला. भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाखाली मांजर मारणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण नसबंदीचे २००१ चे केंद्रीय नियम नावानिशी कुत्र्यांपुरते होते. २०२३ मध्ये ते नव्याने आले, तरी त्यांतला मोठा भाग अजून कुत्र्यांचाच आहे. पुणे महापालिकेने २०२२ च्या अखेरीस पाळीव मांजरांची नोंदणी सक्तीची करून ५० रुपये शुल्क ठरवलं. पाळलेलं मांजर असं कागदावर आलं. कणगीभोवतीच्या मांजराचा वारस, मालकी नसलेला, तो अजून कोणाच्याच वहीत नाही.

आणि या मोकळ्या फिरण्याचा त्रास फक्त माणसालाच होतो असं नाही. मावळात पक्षी आहेत, सरडे आहेत, माळावर अंडी घालणाऱ्या टिटव्या आहेत. भरल्या पोटीही शिकार करणं हा मांजराचा स्वभाव आहे. पुणे जिल्ह्यात उसाच्या फडात वाघाटी, म्हणजे जगातली सर्वांत लहान रानमांजर, पिल्लं घालते. गावातल्या मांजरांचे रोग तिला लागू शकतात. मांजरावर प्रेम करणाऱ्यांनी ही गोष्ट टाळू नये, असं मला मनापासून वाटतं. मांजराला खाऊ घालणं ही अर्धी जबाबदारी आहे. उरलेली अर्धी, म्हणजे नसबंदी, पार पाडली नाही तर पुढची पिल्लं पोत्यातच जाणार.

म्हणून मावळातल्या वाचकांना विनंती आहे. नवलाख उंबरे असो, इंदोरी असो की लोणावळ्याची एखादी वाडी, येत्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत हा विषय भांडण म्हणून न मांडता काम म्हणून मांडा. आपल्या आळीत मांजरं किती, त्यांतल्या भाट्या किती, हे दोन दिवसांत मोजून होतं. खाणं ठेवणाऱ्याने ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी ठेवावं आणि जागा धुऊन घ्यावी. ज्याला मांजर नको, त्याने नसबंदीच्या खर्चात वाटा उचलावा, कारण सर्वांत जास्त फायदा त्याचाच आहे. मांजरांना रेबीजची लस टोचून घ्या. उंदरांसाठी विष ठेवणार असाल तर आधी शेजाऱ्यांना सांगा आणि मेलेले उंदीर खोल पुरा. एखाद्या घरात एकाएकी पुष्कळ उंदीर मरून पडलेले दिसले, तर त्यांना हात न लावता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. आणि घरात मांजरी व्याली असेल तर पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत तिला तिथेच राहू द्या. मग तिची नसबंदी करून घ्या.